बागेच्या हिशोबवहीला बोटाचं कुलूप: तिसरा आठवडा

काटोलच्या काकांच्या संत्र्याच्या बागेसाठी करतोय त्या ॲपमध्ये आता मजुरी, फवारणी आणि आंबिया बहाराचा (त्या हंगामातल्या संत्र्यांचा) सौदा, सगळं नोंदवता येतं. सौद्याचा आकडा कोणाच्याही नजरेस पडू नये म्हणून या आठवड्यात बोटाचं कुलूप लावायला घेतलं.

मी सुरुवातीला 'सेन्सर आहे की नाही' एवढंच विचारत होतो. पण अँड्रॉइडच्या बायोमेट्रिकमॅनेजरला (बोट, चेहरा यांवरून ओळख पटवण्याचं काम बघणारा भाग) 'कॅनऑथेंटिकेट', म्हणजे 'ओळख पटवता येईल का', असं विचारलं की तो नुसतं हो-नाही सांगत नाही, आकडा देतो. 0 आलं तर सगळं तयार. 12 म्हणजे सेन्सरच नाही. सीताबर्डीवरून घेतलेल्या जुन्या फोनवर हेच आलं, तिथे बोटाच्या कुलपाचा पर्याय लपवून मोकळा झालो. 1 म्हणजे सेन्सर आहे, पण सध्या हाती लागत नाही. 11 म्हणजे सेन्सर आहे, बोट मात्र नोंदवलेलं नाही. या 11 वर मी आधी पर्याय लपवत होतो, ते चूक होतं. आता तिथे 'बोट नोंदवा' असं बटण आहे. अँड्रॉइड 11 पासून ते थेट नोंदणीच्या पानावर नेतं, त्याआधीच्या फोनवर सुरक्षेच्या सेटिंगवर.

बोट नोंदवून परत आलो तरी ॲप 'नोंदवलेलं नाही' असंच म्हणत राहिलं. बुधवारची अख्खी रात्र त्यात गेली. मी तपासणी फक्त ऑनक्रिएटमध्ये, म्हणजे ॲपचं पान पहिल्यांदा तयार होताना चालणाऱ्या भागात, ठेवली होती! ती ऑनरिझ्यूममध्ये, म्हणजे पान दरवेळी समोर आल्यावर चालणाऱ्या भागात, नेल्यावर सुरळीत झालं. माणूस मधेच सेटिंगमध्ये जाऊन बोट काढूनही टाकू शकतो, त्यामुळे जुनं उत्तर जपून ठेवायचंच नाही.

रविवारी काकांच्या फोनवर टाकलं. त्यावर अँड्रॉइड 10 आहे. मी 'स्ट्राँग' (कडक दर्जाची बायोमेट्रिक ओळख) आणि फोनचा पिन दोन्ही एकत्र मागितले होते, आणि उत्तर आलं उणे 2. ही जोडी अँड्रॉइड 9 आणि 10 वर चालतच नाही. तिथे आता फक्त बोट मागतो आणि खालच्या बटणावर ॲपचा स्वतःचा पिन देतो.

मग 0 आलं. काकांनी बोट ठेवलं, नाही घेतलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा नाही.

"काऊन रे, माह्यं बोट चालत नाही का याले?"

वर्षानुवर्षं मातीत आणि छाटणीत काम करून त्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या आहेत. फोन म्हणतो उपलब्ध आहे, आणि त्याच्या परीनं ते खरंच आहे. पण काकांच्या हाताचं त्याला काय ठाऊक? मला हे फार लागलं. आता दोनदा बोट घेतलं नाही की पिनचा रकाना आपोआप पुढे येतो, मोठ्या आकड्यांसह.

पुढच्या शनिवारी काकूंचं बोटही त्याच फोनवर नोंदवायचं आहे. नवं बोट नोंदवलं की कीस्टोअरमधली (फोनमधल्या किल्ल्यांच्या सुरक्षित तिजोरीतली) माझी किल्ली बाद होते, म्हणून त्याआधी पिनवरून नवी किल्ली तयार करायचा भाग लिहून काढतो.