भाकरी किती, चालणं कधी: मधुमेहाच्या निदानानंतरचे पहिले महिने

टाइप टू मधुमेहाचं निदान झालं की पहिले प्रश्न ठरलेले असतात. भात चालेल का? आंबा चालेल का? साखरेऐवजी गूळ चालेल का? मी साखर आटोक्यात आणली ती या प्रश्नांची उत्तरं शोधणं सोडून. प्रत्येक ताटाला मी तीनच गोष्टी विचारल्या: किती, कशासोबत, आणि दोन तासांनी आकडा काय आला. पुढचं सगळं याच हिशोबाचं आहे.

पण त्याआधी निदान पक्कं करून घ्यावं. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ टक्के किंवा जास्त म्हणजे मधुमेह. मात्र लक्षणं काहीच नसतील तर एकाच रिपोर्टवर शिक्का बसत नाही, तपासणी पुन्हा करतात. एचबीए१सी ही मागच्या दोन-तीन महिन्यांची साधारण सरासरी असते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर १५४ च्या आसपास, ८ टक्के म्हणजे १८३. यात एक मेख आहे. शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसू शकतो आणि थॅलेसेमिया मायनर या आनुवंशिक रक्तदोषात तो फसवा ठरू शकतो. आपल्याकडे बायकांमध्ये रक्तक्षय इतका सर्रास आहे की हिमोग्लोबिन शेजारी ठेवल्याशिवाय एचबीए१सी वाचूच नये.

आणि सगळ्यांनी फक्त आहाराच्या भरवशावर बसू नये. सारखी तहान, रात्री चार-चार वेळा लघवी, काही न करता उतरलेलं वजन, साखर ३०० च्या वर, असं चित्र असेल तर आधी औषध, कधीकधी थोडे दिवस इन्सुलिनही लागतं. तरुण आणि सडपातळ माणसाला झालेला मधुमेह टाइप वन (ज्यात इन्सुलिन घ्यावंच लागतं) तर नाही ना, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यायलाच हवं.

सुरुवातीलाच उरकायच्या तपासण्या: थेंब टाकून बाहुल्या मोठ्या करून डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंडासाठी लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर आणि रक्तातलं क्रिएटिनिन, लिपिड म्हणजे रक्तातली चरबी, यकृताची तपासणी, रक्तदाब, तळपायांची संवेदना. टाइप टू निदानाआधी काही वर्षं गुपचूप चालू असू शकतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी पडद्यावर बदल सापडणं शक्य असतं. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढलेल्या असतील तर जड वजन उचलल्याने डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून जिम नंतर, पडदा आधी.

गोळ्या चालू झाल्या असतील तर जेवण कमी करण्याआधी त्यांची नावं वाचा. नुसती मेटफॉर्मिन असेल तर साखर फार खाली जाण्याची भीती जवळपास नसते. ग्लिमेपिराइड असेल, आणि मेटफॉर्मिनसोबतच्या जोडगोळीत ते पुष्कळदा असतं, तर गोळी तीच ठेवून भाकरी अर्धी केली की साखर ७० च्या खाली घसरू शकते: घाम, थरथर, धडधड, डोकं न चालणं. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असताना धान्य अगदी बंद करणं किंवा कडक उपास करणं याहून धोक्याचं. साखर फारशी न वाढताही रक्तात आम्ल साठू शकतं. उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर थेट दवाखाना गाठायचा. या दोन्हींपैकी कुठलीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांशी बोलूनच आहार बदलावा. डोस कमी करायचा की गोळी थांबवायची हे तेच ठरवतील.

आता ग्लुकोमीटर. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. केळं सोललेल्या बोटावर साखर राहते आणि आकडा खोटा चढतो. बोटाच्या टोकाला न टोचता कडेला टोचायचं, तिथे दुखतं कमी. स्ट्रिपची डबी लगेच घट्ट बंद करायची. पावसाळ्याच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी वाया गेली समजा. चांगल्या मीटरलाही १०० च्या वर साधारण १५ टक्के इकडेतिकडे जाण्याची मुभा असते, त्यामुळे १४० आणि १५० मध्ये काही फरक शोधत बसू नये.

मोजायचं जोडीने: जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा. रोज सहा वेळा टोचून घेण्याची गरज नाही. मी एका वेळी एकच पदार्थ धरायचो. ठरावीक नाश्ता, ठरावीक वजन, आधीचा आणि नंतरचा आकडा वहीत. जेवणाआधी ८० ते १३० आणि दोन तासांनी १८० च्या आत हे सर्वसाधारण लक्ष्य. त्यापेक्षाही फरकाकडे बघणं मला जास्त उपयोगी पडलं. फरक ४०-५० च्या आत राहिला की ते ताट तसंच ठेवायचं, ८० वर गेला की त्यातलं धान्य कमी करून पुन्हा मोजायचं.

सगळ्यात मोठा गोंधळ भाकरीचा आहे. 'पोळी सोडली, भाकरी सुरू केली' एवढ्यावर माणसं निश्चिंत होतात. ज्वारी चांगलीच, तिच्यात तंतू भरपूर, पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात कर्बोदकं साधारण ६८ ग्रॅम असतातच. घरी थापलेल्या मोठ्या भाकरीला ८० ग्रॅम पीठ सहज लागतं, म्हणजे एका भाकरीत ५४ ग्रॅम. ३० ग्रॅम कणकेच्या फुलक्यात वीसेक ग्रॅम. दोन भाकऱ्या म्हणजे पाच फुलक्यांहून जास्त! खपली गहू, नाचणी, बाजरी, 'डायबेटिक' आटा या सगळ्यांचा हिशोब असाच. म्हणून स्वयंपाकघरात आधी छोटा वजनकाटा आणावा. एकदा पिठाचा गोळा, शिजलेला भात आणि कोरडे पोहे मोजले की पुढे नजर तयार होते. शिजलेल्या भातात १०० ग्रॅममागे २८ ग्रॅम कर्बोदकं. मध्यम वाटीभर म्हणजे तेहेतीस-चौतीस. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४६. साबुदाणा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, ७५ ग्रॅम कोरड्या साबुदाण्याच्या खिचडीत कर्बोदकं ६५ ग्रॅमच्या पुढे जातात. उपासाच्या दिवशी साखर का चढते याचं उत्तर यातच आहे. उपास सोडवत नसेल तर दाण्याची आमटी, दही, काकडी, पनीर आणि भगर मोजून अर्धी वाटी, असा तो निभतो.

दर जेवणाला धान्याची ४५ ग्रॅम कर्बोदकं ही माझी सुरुवात होती. नंतर आकडे बघून कमी-जास्त. आयसीएमआर-इंडियाब या देशभरातल्या मधुमेहाच्या अभ्यासातून नव्या मधुमेहींसाठी निघालेला ढोबळ हिशोबही असाच आहे: निम्म्याच्या आसपास ऊर्जा कर्बोदकांतून, पाचवा हिस्सा प्रथिनांतून. आपल्या रोजच्या ताटात कर्बोदकं याहून बरीच जास्त असतात आणि प्रथिनं तुटपुंजी. वरण म्हणजे प्रथिनं असं आपण धरून चालतो, पण पातळ वरणाच्या वाटीत डाळ पडते पंधरा-वीस ग्रॅम आणि प्रथिनं मिळतात चारेक ग्रॅम. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ६० ग्रॅम हवीत. ती जमवायची तर दोन अंडी (१२-१३ ग्रॅम), २५ ग्रॅम सोयाबीन वड्या (१३ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (१८ च्या आसपास), १०० ग्रॅम बांगडा (१९-२०), मटकीची घट्ट उसळ, दही अशी रोज जुळवाजुळव करावी लागते. मूत्रपिंडाच्या तपासणीत दोष असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावं.

ताट तेच ठेवून नुसता क्रम बदलला तरी फरक पडतो, हे मीटरवर पाहिल्यावर पटतं. आधी कोशिंबीर आणि पालेभाजी, मग उसळ किंवा अंडं, भाकरी-भात शेवटी. पोटात आधी तंतू आणि प्रथिनं गेली की जठर सावकाश रिकामं होतं आणि साखरेचा चढ बसका येतो. पोहेही तसेच: पोहे ३० ग्रॅम, त्यात मटार-गाजर-कांदा पोह्यांइतकाच, वर दाणे, शेजारी एक अंडं किंवा वाटीभर दही.

चहाचं गणित वेगळं मांडावं लागतं. दोन चमचे साखर म्हणजे ८ ते १० ग्रॅम, दिवसाला चार कप म्हणजे चाळीसेक ग्रॅम, वर खारी-टोस्ट. साखर आठवड्याला अर्धा चमचा अशी कमी करत गेलं की जीभ सरावते. गूळ आणि मध यांनी साखर तशीच चढते; त्यांत लोहाचे कण शोधण्यात अर्थ नाही. 'शुगर फ्री' बिस्किटात मैदा असतोच. फळ अख्खं खावं, रस नको. आंब्याच्या १०० ग्रॅम गरात पंधराएक ग्रॅम कर्बोदकं, तेव्हा जेवणातला एक फुलका कमी करून तेवढा आंबा खाता येतो. आमरसाच्या वाट्या मात्र मोजणीबाहेर जातात. मेथी, कारलं, जांभळाच्या बिया घेणाऱ्यांनी घ्याव्यात, पण त्यांच्या जोरावर गोळी बंद करू नये.

वजनाबद्दल आपली समजूत नीट करून घ्यायला हवी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची तुलना लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांच्याशी केली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, शरीरातली चरबी मात्र एकाची ९.१ टक्के, दुसऱ्याची २१.२. जास्त चरबीवाले याज्ञिक. हातपाय बारीक आणि पोट पुढे ही आपली ठेवण, म्हणून काट्याइतकाच टेपही महत्त्वाचा: पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, बायकांची ८०. यकृत आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी निघाली की इन्सुलिनचं काम सुधारतं. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' चाचणीत (२०१७) निदानाला सहा वर्षांच्या आत असलेल्या आणि इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना देखरेखीखाली दिवसाला साडेआठशेच्या आसपास कॅलरींचा द्रव आहार दिला होता. वर्षअखेर ४६ टक्के लोकांचा मधुमेह औषधाविना आटोक्यात होता. १५ किलो किंवा जास्त वजन घटवलेल्यांत ८६ टक्के. एवढा कडक आहार घरी आपल्या मनाने करायचा नसतो. आपल्यासारख्यांनी आधी वजनाच्या १० टक्के घट धरावी, आठवड्याला अर्धा किलोच्या बेताने.

व्यायामात वेळेला फार किंमत आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढतो, म्हणून जेवणानंतरची १५ मिनिटं चालणं सोन्यासारखी. रात्रीच्या जेवणानंतर तर नक्कीच, कारण आपलं ते जेवण मोठं आणि त्यानंतरची बैठक लांब. शतपावली घालणाऱ्या घरांनी फक्त पावलं वाढवायची. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने. आणि सलग दोन दिवस खाडा नाही, कारण व्यायामाचा परिणाम एक-दोन दिवसांतच ओसरतो.

चालण्यावर थांबू नये. साखर साठवायची जागा म्हणजे स्नायू, आणि नुसतं खाणं कमी केलं तर चरबीबरोबर तेही झिजतात. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठबस, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, टाचा वर-खाली. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन-तीन फेऱ्या. श्वास रोखायचा नाही. फार दमछाकीच्या व्यायामानंतर साखर तात्पुरती वर दिसली तर घाबरू नये, यकृत स्नायूंसाठी साठा सोडत असतं. चपला घालून लांब चालू नये. मोजे-बूट घालावेत आणि रात्री तळपाय, बोटांच्या बेचक्या नीट पाहाव्यात.

सगळं नीट करूनही सकाळची उपाशीपोटीची साखर हटत नाही, अशी तक्रार येतेच. पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीचं संप्रेरक चढतं आणि यकृत साखर सोडतं. रात्री काही न खाताही ती १३०-१४० दिसते. हा आकडा बहुधा सगळ्यांत शेवटी उतरतो. जेवणानंतरचे आकडे आणि कंबर आधी सुधारतात. रात्रीचं जेवण आठच्या आत, त्यात धान्य कमी, आणि सात तास झोप, एवढं धरून ठेवावं. ताप, दाढदुखी, गुडघ्यात घेतलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन यांनीही साखर काही दिवस वर जाते. त्या दिवसांतल्या आकड्यांवरून आहाराचा निकाल लावू नये.

पहिलं वर्षभर दर तीन महिन्यांनी एचबीए१सी करावा. औषध थांबवून किमान तीन महिने झाल्यावरही तो ६.५ च्या खाली असेल तर त्याला रेमिशन म्हणतात. तरीही पडदा, लघवी आणि पाय यांची तपासणी दरवर्षी चालूच ठेवायची. वजन दोन किलो परत चढलं, की वजनकाटा पुन्हा ओट्यावर काढायचा आणि आठवडाभर जोडीचे आकडे घ्यायचे.