यादी कुणाची?

काम समोर असावं आणि हात लावावासा वाटू नये, अशा दुपारी मी लिनक्सवर टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून नुसतं 'माउंट' टाइप करतो. डिस्क जोडायची ही आज्ञा; नुसती दिली की काय काय जोडलंय त्याची यादी दाखवते. ओळी भराभर सरकतात. कुठलं पार्टिशन (डिस्कचा भाग) कुठे जोडलंय, फाइलसिस्टिम (फाइली मांडायची पद्धत) कोणती, कंसात बाकीचे पर्याय. आज रूटच्या, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या मुळाच्या, ओळीत 'आरओ' (रीड-ओन्ली) दिसलं. वाचा, लिहू नका. वीज अचानक गेली तरी सिस्टिम शाबूत राहावी म्हणून मुद्दाम तसं ठेवलेलं.

पूर्वी अशा मशीनवर पंचाईत व्हायची. माउंट प्रत्येक जोडणीची ओळ एटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या एमटॅब या साध्या फाइलीत लिहायचा. आता एटीसीच आरओ, तर लिहिणार कुठे? मग 'एन' हा पर्याय द्यायचा: जोड, पण नोंद करू नकोस. उलटही व्हायचं. मशीन मधेच बंद पडलं की डिस्क सुटलेली, नोंद मात्र तशीच.

शाळेत आमची हजेरी सकाळी एकदाच व्हायची. मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचे दोघं भिंतीवरून पसार होत. दुपारी बाई पट उघडून म्हणायच्या, "हजर तर आहेत!" आणि रिकाम्या बाकाकडे बघतच राहायच्या. त्या दोघांचा मला हेवा वाटायचा, पटाचा राग यायचा. कागदावरच्या यादीवर माझा विश्वास तेव्हापासूनच कमी.

म्हणूनच आजची सोय मला आवडते. एमटॅब आता फाइल राहिलीच नाही. ती प्रॉक या आभासी फोल्डरमधल्या यादीकडे नेणारी सिमलिंक, म्हणजे नुसती वाट दाखवणारी पाटी, आहे. त्या यादीचा आकार बघा, शून्य बाइट. वाचायला गेलात की कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, तिथल्या तिथे ओळी तयार करून देतो. डिस्कवर काही लिहायचंच नाही, त्यामुळे आरओ असलं तरी अडत नाही. फोल्डरच्या नावात स्पेस असेल तर तिथे उलटी तिरपी रेघ आणि ०४० उमटतं. ते मला बघवत नाही, म्हणून मी नावात स्पेस देतच नाही.

एमटॅबच्या जुन्या वहीत एक गोष्ट मात्र होती: साध्या युजरने डिस्क जोडली तर त्याचं नाव. ते कर्नल लक्षात ठेवत नाही. त्यासाठी आता रन या फोल्डरमध्ये यूटॅब नावाची छोटी फाइल असते. ती मेमरीत राहते, रीबूट केलं की गेली. म्हणजे वही पुरती सुटली नाहीच.

आणि प्रॉकची यादी तरी कुणाची? विचारणाऱ्या प्रोसेसला, म्हणजे चालू प्रोग्रामला, दिसतं तेवढीच. २००२ साली, २.४.१९ या कर्नलमध्ये, माउंट नेमस्पेस, म्हणजे जोडण्यांच्या वेगवेगळ्या याद्या ठेवायची सोय, आले. तेव्हापासून दोन प्रोसेसना एकाच मशीनवर वेगवेगळ्या जोडण्या दिसू शकतात. कंटेनरच्या, म्हणजे प्रोग्राम वेगळा ठेवणाऱ्या कप्प्याच्या, आतून विचारा, उत्तर निराळं. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला युजर, होऊन एकेका प्रोसेसची यादी वाचत सगळं जुळवता येईलही. पण एवढं कोण करत बसणार!