भिंतीवरचा फिश टँक

आज क्रॉफर्ड मार्केटला जाऊन भिंतीवर लावायचा फिश टँक घेतला. मुंबईच्या घरात जमिनीवर जागा कुठून आणायची?

पण भिंतीवर म्हटलं की आधी वजन बघायचं. आमची टाकी ६० सेंमी लांब, ४० उंच, १५ खोल. म्हणजे पूर्ण भरली तर ३६ लिटर, नुसतं पाणीच ३६ किलो! वर काच आणि खडी. हॉलमधलं पार्टिशन पातळ आहे, तिथे नकोच. जाड भिंतीवर अँकर बोल्ट मारायचे, आणि थेट ऊन येणार नाही तिथेच, नाहीतर शेवाळ धरतं.

दुकानात गोल बाऊलही होते, दिसायला फार गोड. पण इतक्याशा पाण्यात मासा ठेवणं मला क्रूर वाटतं. पाणी कमी तितकी घाण लवकर साठते. दुकानदार म्हणाले, "ताई, गोल्डफिश टाका." नको. तो चांगला वीतभर वाढतो आणि घाणही खूप करतो. त्यापेक्षा एकटा नर बेटा, म्हणजे फायटर मासा, बरा. तिथला एक निळा बेटा सारखा वर येऊन हवेचा घोट घ्यायचा, पाण्यावर छोटासा बुडबुडा सोडून परत खाली. कितीतरी वेळ बघत राहिले.

तरी मासा आज आणला नाही. फिल्टरमध्ये माशाच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे जीवाणू तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. लेक रुसलीय, पण तिला समजावलंय. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनसाठी औषधाची बाटली मात्र आणली.

बेटा उडी मारतो म्हणतात. भिंतीवरच्या टाकीला झाकण कुणी कसं केलंय, फोटो टाका ना!