कुणीतरी गेलंय का हिचं?

संध्याकाळी भाजी निवडताना अमेरिकन गायिका पॅटी लव्हलेसचा ‘माउंटन सोल’ हा अल्बम लावला होता. लेक अभ्यास सोडून दारात आली. शब्द तिला धड कळत नव्हते. म्हणाली, “आई, कुणीतरी गेलंय का गं हिचं?”

मी गप्पच झाले. कारण गेलं होतंच. पॅटीचे वडील अमेरिकेतल्या केंटकी राज्यात कोळशाच्या खाणीत काम करायचे. त्या धुळीनं फुफ्फुसं निकामी झाली आणि १९७९ मध्ये ते वारले.

लेकीनं ऐकलं ते गाणं केंटकीतल्याच हार्लन काउंटीतल्या खाणकामगारांचं. पॅटीनं लिहिलेलं नाही, गीतकार डॅरेल स्कॉटचं आहे. पण ती ते गाते तेव्हा दुसऱ्या कुणाचं वाटतच नाही. आवाज कुठे कुठे नुसता ओरखडा होतो, आणि ती तो झाकत नाही.

नॅशव्हिलमध्ये, अमेरिकेतल्या कंट्री संगीताच्या शहरात, तोवर तिचं बस्तान पक्कं होतं, रेडिओवर गाणी गाजलेली होती. तरी २००१ मध्ये ती बँजो, फिडल, मँडोलिनकडे वळली, डोंगरातल्या ब्लूग्रास संगीताकडे, जे लहानपणापासून तिच्या कानात होतं. अल्बमची निर्मिती तिचे पती एमरी गॉर्डी यांची. मला हा तिचा सगळ्यात मोठा अल्बम वाटतो, आधीच्या सगळ्या हिट गाण्यांपेक्षा मोठा.

लेकीचा प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. केंटकी तिनं नकाशातही पाहिलेलं नाही. मग तिला नेमकं काय ऐकू आलं असेल?

तुम्हाला भाषा न कळताही असं कुणाचं दुःख कळलंय कधी? कुठल्या गाण्यात?