ठकीचे पथ्य

ठकी आमच्या घरी आली ती जूनच्या पहिल्या पावसात. नाशिकच्या गंगापूर रस्त्यालगत एका बंद टपरीखाली भिजत बसलेले हे तांबूस पिल्लू माझ्या मुलाने दप्तराच्या कापडात गुंडाळून आणले, आणि त्या रात्रीपासून पुढचे जवळजवळ चार महिने आमच्या घरातील बोलण्याचा मुख्य विषय तिची शी हा होता. कुत्रे पाळणाऱ्यांना यात काही नवल वाटणार नाही. ज्यांना वाटेल, त्यांनी हा लेख जेवताना वाचू नये.

ती तेव्हा सुमारे दहा आठवड्यांची असावी. वजन साडेतीन किलो, बरगड्या मोजता येतील अशा, पोट मात्र ढोलकीसारखे. असे पोट म्हणजे जंत, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. गोलकृमी पिल्लांना आईच्या गर्भातच आणि नंतर तिच्या दुधातूनही मिळतात, त्यामुळे रस्त्यावर जन्मलेले पिल्लू जंतांशिवाय येणे ही जवळजवळ अशक्य गोष्ट आहे. दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध सुरू झाले, पोट उतरले, पण शौचाला पातळच होत राहिले. मग विष्ठेची तपासणी केली. पहिल्या नमुन्यात काही सापडले नाही आणि दोन दिवसांनी दिलेल्या दुसऱ्या नमुन्यात जिआर्डिया हा एकपेशीय परजीवी सापडला. त्याच्या पुटी, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणारी त्याची कवचबंद रूपे, दररोज बाहेर पडतातच असे नाही, म्हणून एका नमुन्यावर विसंबू नये, हे मला तेव्हा कळले. पाच दिवस औषध, शेवटच्या दिवशी केसांना चिकटलेल्या पुटी जाव्यात म्हणून शाम्पूने अंघोळ, अंथरूण उकळत्या पाण्यात. जिआर्डिया गेला. पातळ होणे गेले नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहून ठेवते. मी पुढे जे सांगणार आहे ते खेळत्या, खात्यापित्या पिल्लाबद्दल आहे. पिल्लू उलट्या करत असेल, मलूल पडले असेल, रक्तमिश्रित जुलाब होत असतील किंवा मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर लगेच बसत नसेल, तर आहाराचा विचार करत बसू नये; त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासाला डॉक्टरांकडे न्यावे. पार्वो हा विषाणू लस पूर्ण न झालेल्या पिल्लाला दोन-तीन दिवसांत नेऊ शकतो. ठकीची लस चालू होती आणि ती दिवसभर चपला पळवत होती, म्हणून आम्हाला शोध घेण्याची सवड मिळाली.

पहिले पाच-सहा आठवडे आम्ही घराजवळच्या एका दवाखान्यात जात होतो. तेथे दर वेळी मेट्रोनिडॅझोल मिळे, दर वेळी तीन दिवसांत फरक पडे आणि गोळ्या संपल्या की आठवड्याभरात पुन्हा मूळपदावर. तीन वेळा हे झाले. हे प्रतिजैविक आतड्यातील उपकारक जिवाणूंनाही झोडपते, आणि साध्या जुलाबांसाठी ते लगेच देऊ नये असे आता अनेक पशुवैद्य मानतात. आम्हाला त्या वेळी गोळीचा धीर वाटत असे, एवढेच.

चौथ्या वेळी आम्ही दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेलो. त्यांनी औषध लिहिण्याआधी जे प्रश्न विचारले त्यांची उत्तरे मला देता येईनात. दिवसातून किती वेळा? प्रत्येक वेळी किती? कुंथते का? आव पडते का? वजन वाढते आहे की घटते आहे? त्यामागचा हिशेब त्यांनी समजावला: लहान आतड्याचा त्रास असेल तर शौचाला कमी वेळा पण भरपूर होते आणि वजन झडते, मोठ्या आतड्याचा असेल तर थोडे थोडे अनेकदा होते, कुंथावे लागते, आव पडते, कधी ताज्या रक्ताची रेघ दिसते आणि वजन बहुधा टिकते. तीन आठवड्यांहून अधिक चाललेला जुलाब हा जुनाट मानतात, त्यामुळे आमचे प्रकरण कधीच त्या खात्यात गेले होते.

त्याच दिवशी मी मुलाच्या गणिताची एक कोरी वही घेतली. वेळ, काय खाल्ले, किती ग्रॅम, आणि विष्ठेला एक ते सात असा गुण. एक म्हणजे खडा, दोन म्हणजे उत्तम, सात म्हणजे पाणी. दर रविवारी मी ठकीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभी राहत असे आणि मग एकटी. या वजाबाकीमुळे माझ्या स्वतःच्या वजनाची जी नोंद झाली ती येथे देण्याचे कारण नाही. दहा दिवसांच्या नोंदींवरून चित्र निघाले ते असे: दिवसातून सहा-सात वेळा, गुण पाच ते सहा, आव बहुतेक रोज, वजन मात्र सावकाश का होईना वाढत आहे. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्वाची पातळी ठीक निघाली. बाईंचा रोख अन्नाकडे वळला.

अन्न म्हणजे काय होते? दूध-पोळी. आमच्याकडे कुत्र्याला दूध-पोळीच घालतात; माझ्या माहेरच्या मोत्याने तेरा वर्षे दुसरे काही खाल्ले नाही. बाईंनी दूध बंद करून काही दिवस उकडलेले बिनहाडाचे चिकन आणि मऊ भात द्यायला सांगितला. आमचे घर शाकाहारी, त्यामुळे गॅलरीत वेगळी शेगडी आणि वेगळे पातेले अशी सोय झाली, आणि सासूबाईंनी त्या दिशेला पाठ करून बसायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी गुण तीनवर आला. मी इतकी हरखले की पाच दिवसांचा तो आहार तीन आठवडे चालवला, कारण थांबवून पोळी, दहीभात आणि बिस्किटे पूर्ववत झाली की पुन्हा आव दिसे.

ही माझी पहिली मोठी चूक, आणि ती अनेकांकडून होते म्हणून सविस्तर सांगते. चिकन-भात हा पोटाला विसावा देणारा आहार आहे, पिल्लाला वाढवणारा नाही. शंभर ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम सुमारे बारा-पंधरा मिलिग्रॅम आणि फॉस्फरस दोनशेच्या घरात असतो. भातात दोन्ही बेताचेच. ठकीचे वजन तेव्हा सहा किलो होते आणि तिला दिवसाला सुमारे ५४० कॅलरी लागत होत्या. वाढत्या पिल्लाला दर हजार कॅलरींमागे तीन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम हवे हे प्रमाण धरले, तर तिला रोज १,६०० मिलिग्रॅम हवे होते आणि माझ्या पातेल्यातून शंभरही मिळत नव्हते. कमी पडलेले कॅल्शियम शरीर हाडांतून काढून घेते आणि हाडे ठिसूळ होतात. मग मनाने कॅल्शियमची पावडर घालावी, तर विशेषतः मोठ्या जातींच्या पिल्लांना जादा कॅल्शियमही बाधते, कारण त्याचे शोषण रोखण्याची क्षमता त्यांच्या आतड्यात अजून आलेली नसते. घरचे अन्न पिल्लाला जरूर देता येते, पण ते पशुआहार जाणणाऱ्याकडून ग्रॅममध्ये लिहून घ्यावे लागते.

याच काळात घरगुती उपायही सुचवले जात होते. लाल भोपळा उकडून एक-दोन चमचे, चिमूटभर इसबगोल, यांना बाईंची हरकत नव्हती. विरघळणाऱ्या तंतूंमुळे मोठ्या आतड्याला खरोखर मदत होते. मात्र सासूबाईंनी सहाणेवर जायफळ उगाळायला घेतले तेव्हा मी धावले. तान्ह्या बाळाच्या गुटीत जायफळाचे वेढे देणाऱ्या पिढीला ते निरुपद्रवी वाटणे साहजिक आहे, पण त्यातील मिरिस्टिसिन कुत्र्याला जास्त प्रमाणात गेल्यास विषारी ठरते, आणि पाच-सहा किलोच्या जीवाला जास्त प्रमाण गाठायला वेळ लागत नाही.

मग श्रावण आला. गॅलरीतील पातेलेसुद्धा बंद, हे न बोलता ठरले. योगायोगाने बाईंनाही त्याच सुमारास आहार-चाचणी, म्हणजे काही काळ एकच खाद्य देऊन फरक पडतो का ते पाहणे, सुरू करायची होती, आणि त्यांनी निवडलेले कोरडे खाद्य सोयाबीनच्या विघटित प्रथिनांवर बेतलेले होते. विघटित म्हणजे प्रथिनाचे इतके लहान तुकडे केलेले की शरीराच्या रोगप्रतिकार यंत्रणेला ते ओळखू येऊ नयेत. हे खाद्य महाग असते आणि पाकिटावर ते वाढत्या पिल्लांना चालते असे लिहिलेले आहे का, हे पाहून घ्यावे लागते. सात दिवसांत हळूहळू बदल केला, दिवसाची मापलेली मात्रा तीन वेळांत वाटली, आणि पाण्याखेरीज दुसरे काहीही नाही, अशी अट घातली. नवव्या दिवशी वहीत पहिल्यांदा दोन लिहिले. पोटाच्या तक्रारी आहारामुळे असतील तर फरक बहुधा दोन आठवड्यांत दिसतो. त्वचेच्या तक्रारींना आठ आठवडे थांबावे लागते.

सतराव्या दिवशी पुन्हा सहा. आव, कुंथणे, सगळे परत. वहीत अन्नाच्या रकान्यात वेगळे काहीच नव्हते. आदल्या दिवशी घरी सत्यनारायण होता, एवढेच वेगळे. मी सासूबाईंना विचारले, तर त्यांनी अगदी सरळपणे सांगितले, "प्रसादाचा शिरा दिला चमचाभर. प्रसादाला नाही कसे म्हणायचे? पण बेदाणे वेचून काढले हो, एकही जाऊ दिला नाही."

मला राग यायला हवा होता, तो आला नाही. द्राक्षांच्या या गावात राहून मी घरात सर्वांना बजावले होते की द्राक्षे आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, आणि त्यांनी ते शब्दशः पाळले होते. दूध, तूप, चमचाभर म्हणजे किती, आणि चाचणी मोडते म्हणजे काय, हे मी कोणालाही सांगितलेच नव्हते. ठकीला गोळ्या चालू होत्या तेव्हा त्याच सासूबाई घड्याळ लावून दर बारा तासांनी गोळी देत आणि अर्धीची पाऊण होऊ देत नसत. गोळीला मात्रा असते, वेळ असते, मुदत असते. खाण्याला आम्ही यातले काहीच लावत नव्हतो, म्हणून आमच्या घरात आहार हा उपचार आहे असे म्हणण्याला तोपर्यंत काही अर्थ नव्हता. त्या संध्याकाळी मी सगळ्यांसमोर वही उघडली आणि 'पथ्य' हा शब्द वापरला. आजारी माणसाच्या पथ्यात शेजारणीने आणलेला लाडू बसत नाही, हे आमच्याकडे प्रत्येकाला कळते. इमारतीच्या राखणदार मामांनीही तेव्हा कबूल केले की सकाळी फिरायला जाताना ते तिला एक ग्लुकोज बिस्कीट देत, आणि बिस्किटात दुधाची भुकटी असते, हे आम्ही सर्वांनी मिळून पुड्यावर वाचले.

चार दिवसांत गाडी रुळावर आली. गणपतीत पाहुण्यांची वर्दळ, म्हणून ठकीच्या गळपट्ट्याला मुलाने चिठ्ठी बांधली: 'माझे पथ्य चालू आहे.' ती चिठ्ठी तिने दुसऱ्या दिवशी खाल्ली. गुण दोनच राहिला.

गणपती गेल्यावर उलट दिशेने चाचणी सुरू केली, म्हणजे बंद केलेले पदार्थ एकेक करून परत देऊन पाहिले. हा टप्पा बहुतेक लोक टाळतात, कारण बरे झालेल्या पोटाला मुद्दाम कोण छेडणार? पण तो टाळला तर नेमके काय बाधते ते कधीच कळत नाही आणि पिल्लू आयुष्यभर महागड्या खाद्याला बांधले जाते. एका वेळी एकच पदार्थ, दहा दिवस. चिकन: काही झाले नाही. गहू: काही झाले नाही, आणि मला तर त्याचाच संशय होता. मग पनीरचे दोन छोटे तुकडे, आणि दुसऱ्या दिवशी आव. पुन्हा स्थिर झाल्यावर दोन चमचे दही. तिसऱ्या दिवशी तेच.

यातला तर्क मला फार आवडला. आईचे दूध सुटल्यावर पिल्लांच्या आतड्यातील दुग्धशर्करा पचवणारे विकर कमी होत जाते, म्हणून अनेक कुत्र्यांना दूध सोसत नाही. न पचलेली शर्करा आतड्यात पाणी ओढते आणि आंबते. पण दह्यात तिचा काही भाग विरजणाने संपवलेला असतो आणि पनीर करताना ती बहुतांशी निवळीबरोबर निघून जाते. दोन चमचे दह्याने आणि इतक्याशा पनीरने एवढा गोंधळ व्हावा, म्हणजे बोट शर्करेकडे नव्हे, दुधाच्या प्रथिनांकडे जाते. बाईंनी ॲलर्जी हा शब्द टाळला, 'सोसत नाही' असेच लिहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात, अन्नामुळे त्वचेचा त्रास होणाऱ्या २९७ कुत्र्यांमध्ये दोषी पदार्थांत गोमांस ३४ टक्के, दुग्धजन्य पदार्थ १७, चिकन १५ आणि गहू १३ असा क्रम होता. ते आकडे त्वचेचे आहेत, पोटाचे नाहीत. तरीही आमचा सात्त्विक दहीभात त्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर पाहून घरात काही काळ शांतता पसरली.

आता ठकी आठ महिन्यांची आहे आणि अकरा किलोची. पिल्लांसाठीचे साधे, दुधाचा अंश नसलेले खाद्य दोन वेळा मोजून मिळते, विघटित प्रथिनांचे पाकीट बंद झाले. वरचे खाणे दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये हा नियम तिच्या बाबतीत पाऊणशे कॅलरींच्या आसपास येतो, म्हणजे बिनतेलाचा, बिनतुपाचा एक लहान फुलका. तो सासूबाई सर्वांत शेवटी लाटतात, आणि फुगला नाही तर स्वतःच्या ताटात घेऊन तिच्यासाठी दुसरा लाटतात.