चालू मोसमात क्लास बदलताना

गोव्यातल्या वाळपईच्या एका काजू व्यापाऱ्याचा खरेदीचा प्रोग्राम मी कॉमन लिस्प या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलाय म्हटलं, की ओळखीची पोरं आधी हसतात आणि मग विचारतात, "का रे बाबा?" कारण सरळ आहे. मार्च ते मे हा प्रोग्राम मला दिवसा बंद करायचा नसतो. सत्तरीतून बी सकाळपासून येत राहते, काट्यासमोर पिकअप लागलेले असतात, आणि त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी जिवंत ऑब्जेक्ट म्हणून, म्हणजे एकेक माहितीचा संच म्हणून, मेमरीत बसलेल्या असतात. (छापलेल्या प्रत्येक पावतीची एक ओळ फाईलमध्येही जाते. आपल्याकडच्या विजेवर एवढा विश्वास कोण ठेवणार?)

यंदा ऐन गर्दीत शेठचा फोन आला. पावतीवर फक्त हातात पडणारे पैसे आणि काट्यावरचं वजन दिसायचं. पोत्यामागे एक किलो बारदान, म्हणजे रिकाम्या पोत्याचं वजन, आतल्या आत वजा व्हायचं. विकणारे विचारायला लागले, "पोत्याचें वजन खंय गेलें?" (कुठे गेलं?) प्रश्न रास्त होता. शिवाय प्लास्टिकचं पोतं एक किलोचं नसतंच. तेव्हा बारदान वेगळं दाखवायचं, आणि सकाळपासूनच्या पावत्याही तशाच पुन्हा छापता आल्या पाहिजेत.

मी फोंड्याला. एसएसएचमधून, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरशी जोडणीतून, चालू प्रोग्रामला ईमॅक्स हा एडिटर जोडला, त्यातलं लिस्पशी बोलणारं स्लाइम उघडलं. 'खरेदी' क्लासमध्ये, म्हणजे प्रत्येक नोंदीच्या साच्यात, तोवर विक्रेता, वजन, पोती आणि दर असे चार स्लॉट, म्हणजे रकाने, होते. मी वापरतो त्या एसबीसीएल या कॉमन लिस्पला देवनागरी नावं चालतात, आणि आपल्या लिपीत कॅपिटल-स्मॉल नसल्यामुळे रीडर (लिहिलेला कोड वाचून घेणारा भाग) नावांची अक्षरं मोठी करतो ती भानगडही आपल्याला लागत नाही. नव्या व्याख्येत 'वजन' काढून त्याजागी 'ढोबळ' (पोत्यासकट वजन) आणि 'बारदान' घालायचे होते.

डेफक्लास, म्हणजे क्लासची व्याख्या, नव्याने चालवला की क्लास दुसरा तयार होत नाही. तोच क्लास राहतो, त्याचं रूप बदलतं. पायथनमध्ये मॉड्यूल रीलोड केलं की त्याच नावाचा नवा क्लास जन्माला येतो आणि जुने ऑब्जेक्ट जुन्या क्लासलाच धरून बसतात. इसइन्स्टन्स, म्हणजे तू या नव्या क्लासचा का, असं विचारलंत तर नाही म्हणतात. जावाच्या हॉटस्वॅपमध्ये, म्हणजे चालू प्रोग्राम बदलायच्या सोयीत, मेथडचं (क्लासच्या फंक्शनचं) अंग बदलता येतं, फील्ड (तिथला स्लॉट) वाढवता येत नाही. क्लॉसमध्ये, म्हणजे कॉमन लिस्पच्या ऑब्जेक्ट पद्धतीत, मात्र जुन्या ऑब्जेक्टांचं काय करायचं हे भाषेच्या प्रमाणातच (अधिकृत नियमपुस्तकातच) लिहिलेलं आहे. झेरॉक्स पार्कचं कॉमनलूप्स आणि एमआयटीचं फ्लेवर्स या आधीच्या दोन ऑब्जेक्ट पद्धतींच्या अनुभवातून ही पद्धत घडली आणि 1994 च्या एएनएसआय (अमेरिकी मानकसंस्था) प्रमाणात आली.

आणि ती आळशी आहे, हे मला तिचं सगळ्यात आवडतं. व्याख्या बदलली त्या क्षणी हजारो ऑब्जेक्ट धुंडाळले जात नाहीत. एसबीसीएलमध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट आपल्या मांडणीकडे, म्हणजे कुठला स्लॉट कुठे आहे त्या नकाशाकडे, बोट दाखवत असतो. ती मांडणी बाद ठरवली, की काम झालं. पुढे कोणी त्या ऑब्जेक्टचा स्लॉट वाचायला गेलं की मांडणी शिळी असल्याचं कळतं, नव्या आकाराची जागा तयार होते, टिकलेल्या स्लॉटांच्या किमती (त्यांत ठेवलेली मूल्यं) तिथे जातात. प्रमाण म्हणतं, हे कधीही करा, पण स्लॉटला पुढचा हात लागायच्या आत करा. ऑब्जेक्टची ओळख बदलत नाही. हॅशटेबलात (खुणेवरून नोंद शोधायच्या तक्त्यात), यादीत, अर्धवट चाललेल्या फंक्शनच्या हातात जो होता तोच तो राहतो.

पण काढलेल्या 'वजन'चा अर्थ काय, ते भाषेला ठाऊक नसतं. ते सांगायची जागा म्हणजे अपडेट-इन्स्टन्स-फॉर-रिडिफाइन्ड-क्लास. नाव सरकारी अर्जासारखं लांबलचक, काम मोलाचं. या फंक्शनला ऑब्जेक्ट मिळतो, आलेल्या आणि गेलेल्या स्लॉटांची नावं मिळतात, आणि गेलेल्या स्लॉटांच्या किमती एका प्रॉपर्टी लिस्टमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या यादीत, मिळतात. या किमती फक्त इथेच हाती लागतात. उचलल्या नाहीत तर गेल्या. माझी मेथड चार ओळींची: लिस्टमधून वजन काढ, 'ढोबळ'मध्ये टाक, पोत्यांना एकने गुणून 'बारदान' भर. टोपलीतून सुटी बी आणणाऱ्यांच्या नोंदीत पोती 'निल' (लिस्पमधलं 'काही नाही') असतात, तिथे बारदान शून्य. प्रमाणातलं उदाहरणही याच जातीचं आहे: एक्स-वायने सांगितलेला बिंदू अंतर आणि कोनात बदलायचा.

यात क्रम महत्त्वाचा. आधी ही मेथड, मग क्लास. उलट केलं आणि मधल्या सेकंदात काट्यावरच्या मुलाने जुनी पावती उघडली, तर तिचं वजन हवेत. 'वजन' वाचणारी पावतीची आणि हिशोबाची फंक्शनंही मी त्याच फाईलमध्ये ठेवली आणि सगळं एका दमात लोड केलं.

आळशीपणाची दुसरी बाजूही आहे. चूक असेल तर ती तुम्ही समोर असताना दिसत नाही. संध्याकाळी हिशोब काढताना कुठल्यातरी नोंदीला हात लागला की उगवते. म्हणून मी क्लास बदलल्यावर सगळ्या हॅशटेबलवरून एक मॅपहॅश (प्रत्येक नोंदीला हात लावणारं फंक्शन) फिरवतो आणि प्रत्येक नोंदीचा 'ढोबळ' वाचून घेतो. रडायचं तर आत्ता रड, मी बसलोय. यंदा कोणी रडलं नाही. वाळपईला पावत्या छापणं चालूच होतं, आणि मुलाने फोनवर एवढंच विचारलं की कागदावर एक ओळ जास्त का येतेय.

स्मॉलटॉक ही भाषा वापरणारे मित्र म्हणतात, आमच्याकडे हे पहिल्यापासून आहे. आहेच. तिथे क्लासचं रूप बदललं की सगळे ऑब्जेक्ट तिथल्या तिथे नव्या रूपात आणले जातात. मला 'तुझ्या शब्दांत सांग' म्हणणारी क्लॉसची ती एक मेथड जास्त प्यारी.

काट्यावरून येणारे कच्चे आकडे मात्र मी वेगासाठी डेफस्ट्रक्ट या क्लासहून साध्या साच्यात ठेवलेत, आणि तिथे ही सोय नाही. डेफस्ट्रक्टची व्याख्या बदलली तर काय होईल ते प्रमाणाने मोकळंच सोडलंय. एसबीसीएल सरळ एरर देऊन उभं राहतं. शेठना आता ओल्या बीची घटही काट्याच्या नोंदीतच हवी आहे. ते पावसात करू, खरेदी बंद झाल्यावर, असं सांगितलंय.