वाळूत लोळणारी द्राक्षं

"ही द्राक्षबाग? मला तर भोपळ्याचा वेल दिसतोय," व्हिडिओ कॉलवर अण्णा म्हणाले.

त्यांचं काय चुकलं? पोर्तुगालमध्ये लिस्बनच्या रॉसियो स्टेशनवरून सिंत्राची लोकल, पुढे बस, मग समुद्राच्या दिशेने पायपीट करून मी कुलारिशच्या बागांत पोचले होते. वाळूवर वेली चक्क आडव्या पसरलेल्या. मांडव नाही, तारा नाहीत. अटलांटिकचा खारा वारा अडवायला बोरूचे कूड तेवढे. मणी पिकायला लागले की वेलीखाली छोट्या काठ्या टेकवतात, नाहीतर तापल्या वाळूने घड भाजून निघतात.

या जातीचं नाव रमिश्कु. काळी, जाड सालीची.

"खुंट कोणता?" अण्णांचा पुढचा प्रश्न. निफाडचा बागायतदार दुसरं काय विचारणार! खुंट म्हणजे ज्याच्या मुळांवर कलम बांधायचं तो वेल. आमच्याकडे आधी डॉगरिज नावाचा खुंट लावायचा, मग त्यावर कलम. पाण्याची ओढ आणि खारी जमीन सोसावी म्हणून. युरोपात कारण वेगळं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून फायलोक्झेरा आला, मुळांतला रस शोषणारा बारीकसा किडा, आणि त्याने बागाच्या बागा संपवल्या. तेव्हापासून इथेही त्या किड्याला दाद न देणाऱ्या अमेरिकन खुंटावर कलमं करतात. पण वाळूत या किड्याचं काही चालत नाही. म्हणून रमिश्कु आजही स्वतःच्या मुळांवर उभी आहे. उभी कसली, लोळते आहे.

"पण वाळूत खायला काय मिळतं तिला?"

खाली चिकणमाती आहे, मुळं तिथवर न्यायची. त्यासाठी पूर्वी वाळूत खोल चर खणत. मजूर डोक्यावर टोपली घालून उतरायचे, म्हणजे कड ढासळलीच तर टोपलीतल्या हवेवर चार श्वास मिळतील. हे सांगितलं तेव्हा अण्णा जरा गप्प झाले. त्यांनी उमेदीत विहिरींवर काम केलंय.

कुलारिशच्या वाइनच्या प्रदेशाची हद्द 1908 साली आखली गेली, 1931मध्ये शेतकऱ्यांची सहकारी वायनरी निघाली. पण सिंत्रा पडलं पर्यटकांचं गाव, समुद्राकाठची जमीन बंगल्यांना सोन्याच्या भावाने जाते. उरल्यात त्या बागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या वाटतात.

वाइनची अर्ध्या लिटरची बाटली घेतली. दुकानदाराने बजावलं होतं, हिला वर्षानुवर्षं मुरू द्या. मी त्याच रात्री उघडली. पहिल्या घोटाला तोंड असं आवळलं की कच्चं जांभूळ चावल्यासारखं! वाइनवाले याला काय काय म्हणतात, आपला 'तुरट' पुरेसा आहे. दुसऱ्या दिवशी उरलेली प्यायले तर चक्क बरी लागली.

अण्णा माळकरी, त्यांना चवीचं सांगण्यात अर्थ नव्हता. फोन ठेवता ठेवता मात्र हळूच म्हणाले, "येताना दोन काड्या आणता येतील का गं?"

"विमानतळावर धरतील, अण्णा."

"ओल्या फडक्यात गुंडाळून आण ना."